गंधार मोकळा ठेवून

गिटारची सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक पूर्ण स्वर खाली उतरवायची. खुंटी पिळताना थेट हव्या स्वरावर थांबायचं नाही. तार आणखी थोडी उतरू द्यायची आणि खालून वर आणून मिळवायची, म्हणजे ती टिकते. मग जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत अंगठा सावकाश ओढायचा. डी, ए, डी, जी, ए, डी. वादक अक्षरं जोडून या मेळाला ‘डॅडगॅड’ म्हणतात. खर्जातल्या डीला षड्ज मानलं तर ऐकू येतं सा, प, सा, म, प, सा. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला यात परकं काहीच नाही.

या मेळात गंधार नाही, आणि माझा जीव नेमका तिथेच अडकलाय. कॉर्ड मेजर की मायनर हे गंधारावर ठरतं. इथे ते अजून ठरायचंच असतं.

ब्रिटिश गिटारवादक डेव्ही ग्रॅहम १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोरोक्कोतल्या टँजिअरला गेला होता. तिथल्या ऊदवादकांच्या साथीला बसायचं तर नेहमीची गिटार अडून बसते. ऊद या तंतुवाद्याला पडदे नसतात, चाल एकेका स्वराच्या वळणांनी पुढे सरकते, कॉर्डचा आग्रह तिथे उपराच. त्या साथीसाठी त्याने हा मेळ धरला. पुढे याच मेळात त्याने ‘शी मूव्हड थ्रू द फेअर’ ही आयरिश चाल वाजवली. आयर्लंडच्या पाइप्समध्ये एक स्वर अखंड घुमत असतो, त्यामुळे त्या चालीला हे घर लगेच मानवलं. लेड झेपलिनचं १९७५चं ‘कश्मीर’ही याच मेळातलं.

वाजवताना अंगठा जाड तारांवर सा-प-सा धरून चालतो. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका उरलेल्या तारा सांभाळतात. तिसरी तार मध्यम, दुसरी पंचम, दोन्ही मोकळ्या आणि शेजारी. एरवी एकाच तारेवर म वरून प वर गेलं की म तुटतो. इथे तो प मध्ये मिसळून रेंगाळतो, आणि त्या दोघांच्या घासण्यातून जी थरथर उठते तिच्यासाठीच मी हा मेळ लावतो. म्हणूनच या मेळात बोटांची घोडदौड मला रुचत नाही. तारांना आपापल्या वेळेने विझू द्यायला हवं.

आणि गंधार? सहाव्या तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, तारेच्या पाचव्या हिश्शावर, बोट नुसतं टेकवा, दाबू नका. छेडा आणि लगेच उचला. दोन सप्तकं वर शुद्ध गंधार लखकन वाजतो. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून, कुठलीही तार त्या स्वरात मिळवलेली नसताना जो उमटतो, तोच हा स्वयंभू गंधार. आता तीच तार चौथ्या पडद्यावर दाबून वाजवा. हा गंधार चढा लागतो, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका, कारण गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. एकदा हा फरक ऐकला की दाबलेला गंधार जपून, थोडका वापरावासा वाटतो.

अल्जेरियात जन्मलेला फ्रेंच वादक पिएर बेन्सुसान कित्येक दशकं फक्त याच मेळात वाजवतो आहे. त्यात अडकून पडल्यासारखं तो कधीच वाजवत नाही.

माझं म्हणाल तर मी यात जोग राग घेतो. त्याला दोन्ही गंधार लागतात, आणि रिषभ-धैवताची गरजच नाही. सा, म, प मोकळ्या तारांवर आयते मिळतात, कोमल निषाद दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. डाव्या हाताला काम उरतं ते गंधारांचंच. चढताना चौथ्या तारेचा चौथा पडदा. उतरताना मध्यमावर टेकून तिसऱ्या पडद्यावर यायचं आणि बोट तारेवरून ओढून सोडायचं, की उजव्या हाताने न छेडताच कोमल गंधार षड्जावर येतो.