वाच, पण...

कॉलेजात असताना मैत्रिणीनं ‘रिबेका’ दिली ती वर्तमानपत्राचं कव्हर घालून. पुस्तक लायब्ररीचं, पंधरा दिवसांच्या बोलीवर आणलेलं. त्यातले अकरा तिनंच खाल्ले होते. ‘‘वाच,’’ म्हणाली, ‘‘पण घरातले सगळे झोपल्यावर नको.’’ अर्थात मी तेव्हाच वाचलं.

डॅफ्ने द्यू मोरिएची ही १९३८ची कादंबरी. समुद्राकाठचं मॅनडर्ली नावाचं प्रचंड घर, वयानं बराच मोठा नवरा, आणि त्याची मेलेली पहिली बायको, जी त्या घरातून जायचं नाव घेत नाही. तिची खोली, तिचा ब्रश, तिचा रात्रीचा गाऊन सगळं जिथल्या तिथं जपणारी मिसेस डॅनव्हर्स मला आठवडाभर आमच्या जिन्यात दिसत होती. मैत्रिणीला सांगितलं, तर म्हणते, ‘‘ती बाई सोड गं. गोष्ट सांगणाऱ्या पोरीचं नाव काय, ते सांग.’’

मी पानं चाळली. पुन्हा चाळली. नाव वेगळं आहे, छान आहे, एवढंच कळतं. नाव नाही! मेलेलीचं मात्र कव्हरवर.

काही वर्षांनी मैत्रिणीच्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. सगळे वाकून बघत होते. तिनं मान वर करून फक्त माझ्याकडे बघितलं आणि एक भुवई उचलली. मला हसू आवरेना. मावशीनं चिमटा काढला. मी अजून तिला जुन्याच नावानं हाक मारते. सासरच्यांना ते लाडाचं वाटतं.

आता पुस्तकं सुचवते तिची मुलगी. फोनवर आधी मिरच्या येतात, पुस्तकातला प्रणय किती तिखट त्याच्या: दोन म्हणजे सोसेल, पाच म्हणजे दार लावून घे. (लवंगी की भावनगरी, हे कोणी सांगत नाही.) ‘फोर्थ विंग’ तिनंच वाचायला लावलं. २०२३चं पुस्तक, ठिसूळ हाडांची मुलगी ड्रॅगनवर स्वार व्हायला निघते आणि बंडखोराच्या मुलात अडकते. भाषा कामचलाऊ, पण ड्रॅगन झकास. फटकळ, म्हातारा, आमच्या गणिताच्या सरांसारखा. ‘हाँटिंग अ‍ॅडलाइन’ मागितलं, तर पोरगी चक्क नाही म्हणाली. ‘‘त्यातला हिरो हिरॉइनच्या पाळतीवर असतो, मावशी. पुढे बरंच वाईट आहे. सुरुवातीला इशाऱ्यांचं अख्खं पान आहे, ते आधी वाच, मग बोल.’’ मला जपतेय म्हणून बरं वाटलं आणि रागही आला. १८४७च्या ‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ तरी कुठे सज्जन होता? प्रेयसीचं थडगं उकरणारा माणूस! तो आम्हाला अभ्यासाला होता, आणि इशाऱ्याचं पान काही नव्हतं.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. मी ‘रिबेका’ची नवी प्रत घेतली, जुन्या सवयीनं वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

‘‘वाच,’’ म्हटलं, ‘‘पण झाल्यावर मला त्या पोरीचं नाव सांग.’’

शुक्रवारी रात्री साडेअकराला मेसेज आला: ‘‘मावशी, अर्धं झालं. नाव कुठंय?’’