बीअरचं माप : तारनाक्यातली टिपणे

हैदराबादमधल्या तारनाक्याच्या वाइन्सवर गिऱ्हाईक ब्रँडचं नाव घेतं आणि सांगतं, लाइट की स्ट्राँग. मापाचा प्रश्नच येत नाही. ६५० मिलिची बाटली पुढे येते. ३३० ची पिंट किंवा ५०० चा टिन हवा असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं.

•

या मापांचा चवीशी संबंध नाही. अमेरिकेत टिन ३५५ मिलिचा, कारण त्यांचे १२ औंस तेवढे भरतात. ऑस्ट्रेलियात ३७५, जपानात ३५० आणि ५००, ब्रिटनच्या दुकानांत बहुधा ४४०. ब्रिटिश पबमधला पिंट मात्र ५६८ मिलिचा.

आपल्याकडे काचेची बाटली टिकली, त्यात कबाडीवाल्याचा वाटा मोठा आहे. रिकाम्या बाटल्या गोळा होऊन कारखान्यात जातात, धुऊन पुन्हा भरल्या जातात. टिन वितळवावाच लागतो. या माणसांच्या कष्टांची दखल कुणीच घेत नाही, याचं वाईट वाटतं.

•

मोठ्या बाटलीला विलायतेत मान मिळवून दिला तो हैदराबादच्या माणसाने. करण बिलिमोरिया इथेच जन्मले, बी.कॉम. झाले ते उस्मानिया विद्यापीठातून, म्हणजे आमच्या शेजारून. लंडनला शिकायला गेले, डोक्यावर २०,००० पौंडांचं कर्ज. १९९०च्या सुमारास अर्जुन रेड्डी यांच्या साथीने त्यांनी 'कोब्रा' सुरू केली. बीअर बंगळुरात बनायची आणि ६६० मिलिच्या बाटल्यांतून जायची. जुन्या सित्रोएन गाडीतून ते स्वतः करी हाउसांना माल पोचवत. तिथल्या लागरमध्ये गॅस फार, मसालेदार जेवणावर पोट फुगायचं. यांनी गॅस कमी ठेवला. मोठी बाटली टेबलाच्या मध्यभागी, नान-करीसारखी सगळ्यांत वाटून घ्यायची. जाहिरातीला पैसा नसताना जेवणाची रीतच जाहिरात झाली. मला ही विक्रीतली खरी हुशारी वाटते.

१९९७ पासून कोब्रा इंग्लंडातल्या बेडफर्डला बनू लागली. किंगफिशरही तिथे करीसोबतची भारतीय बीअर म्हणूनच खपली आणि कित्येक वर्षं केंटमधल्या कारखान्यात तयार झाली. नाव भारताचं, पाणी इंग्लंडचं.

•

आपल्याकडे टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही. म्हणून बीअरचंच नाव सोड्यावर, पाण्याच्या बाटलीवर, कॅलेंडरवर. हा आडमार्ग बंद व्हायला हवा.

•

तेलंगणात घाऊक खरेदी सरकारी महामंडळच करतं, दरही तिथेच ठरतात. महामंडळाकडची थकबाकी आणि न वाढलेले दर यांवरून ८ जानेवारी २०२५ ला किंगफिशरवाल्या युनायटेड ब्रुअरीजने पुरवठा थांबवला, २० तारखेला पुन्हा सुरू केला. फेब्रुवारीत दर १५ टक्क्यांनी वाढले.

•

ब्रिटनमधल्या टिनांवर अल्कोहोलची युनिटं छापलेली असतात. १० मिलि शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट. आपली ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग घ्या: ५२ मिलि, म्हणजे पाच युनिटांहून जास्त. तिथल्या ४ टक्क्यांच्या ४४० च्या टिनात पावणेदोन. म्हणून घेणाऱ्यांना कळकळीने सांगतो, 'एकच बाटली घेतली' असं म्हणण्याआधी लेबलवरचे मिलि आणि टक्के गुणून बघा. आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.