आश्रयाची किंमत

जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकात सहा आश्रयनगरांची योजना सांगितली आहे. अजाणता मनुष्यवध घडलेल्याला न्यायनिवाडा होईपर्यंत तेथे अभय मिळे. ते अभय न्यायाविरुद्ध नव्हते, सूडाविरुद्ध होते. अमेरिकेतील आश्रयनगरांचा वाद वाचताना आम्हांला हा भेद आठवतो.

सॅन फ्रान्सिस्को शहराने १९८९ साली तसा कायदा केला. तेथील पोलीस केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांची वाट अडवीत नाहीत; विनापरवाना राहणाऱ्या स्थलांतरितांना हुडकण्याच्या कामी हातभार मात्र लावीत नाहीत. स्थानिक अधिकाऱ्यांना केंद्राने आपल्या कामी जुंपू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ सालचा निर्णयही आहे. कारण उघड आहे. जिला हद्दपारीचे भय आहे, ती माता घर लुटले गेले तरी पोलीस चौकीची पायरी चढणार नाही. आणि चोर मोकाट सुटला, की धोका साऱ्या आळीला.

जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी अशा नगरांचे अनुदान रोखण्याचा आदेश काढला. खर्चाला अटी घालण्याचा अधिकार संसदेचा, असे सांगून न्यायालयाने तो अडविला. २०२५ मध्ये नवे आदेश निघाले आणि तोच तंटा पुन्हा न्यायालयात गेला.

अनुदान थांबले तर झळ गोरगरिबांनाच लागणार. म्हणून नगरपित्यांच्या चिंतेला आम्ही भित्रेपणा म्हणत नाही. परंतु परक्याला दार उघडणे फुकट असते, तर त्याची आज्ञा देण्याची देवाला गरजच पडली नसती.