छत्तिसावे दालन

ज्या कोल्हापुरात माझे बालपण गेले, त्या शहराला दोन गोष्टींचा अभिमान होता. पहिली, शाहू छत्रपतींच्या आश्रयाने वाढलेली आणि खासबागेच्या मैदानात सहस्रावधी डोळ्यांसमोर मिरविणारी कुस्ती. आणि दुसरी, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून 1929 साली येथेच स्थापन झालेल्या ‘प्रभात’पर्यंत आणि तेथून जयप्रभा स्टुडिओपर्यंत अखंड चालत आलेली चित्रपटकला. ही दोन्ही वैभवे एकाच गावात, जवळजवळ एकाच गल्लीत नांदत असूनही परस्परांच्या अंतरंगात शिरली आहेत असे मला कधी दिसले नव्हते. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत तलवारी खणखणत, घोडे उधळत, आणि आम्ही मुले श्वास रोखून ते पाहत असू. परंतु ती तलवार पेलणारा हात कसा तयार झाला, किती पहाटे त्याने कोणत्या वस्तादाच्या नजरेखाली घालविल्या, हा प्रश्न त्या पडद्याने मला कधी विचारला नाही. तो विचारला हाँगकाँगमध्ये निर्माण झालेल्या एका चित्रपटाने, आणि तोही फार उशिरा, माझ्या आयुष्यात एक नुकसान होऊन गेल्यानंतर.

ते नुकसान आधी सांगितले पाहिजे. माझे वडील कचेरीत अव्वल कारकून होते. दिवसभर दफ्तरे चाळणारा तो कृश मनुष्य शरीरबळाविषयी मनात एक गूढ आदर बाळगून असे, आणि त्या आदरापोटीच त्यांनी मला चौदाव्या वर्षी आमच्या पेठेतल्या तालमीत नेऊन वस्तादांच्या स्वाधीन केले. मला वाटले होते, आठवडाभरात एकलंगी येईल, महिन्याभरात ढाक येईल. प्रत्यक्षात वस्तादांनी माझ्या हाती खोरे दिले. पहाटे चारला उठून आखाड्याची तांबडी माती उकरायची, ढेकळे फोडायची, ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती पुन्हा खालीवर करायची, मग जोर, मग बैठका, आणि इतरांच्या लढती लागल्या की भिंतीला टेकून उभे राहायचे. हा शिरस्ता सात महिने चालला. त्या मुदतीत एकही डाव मला शिकविण्यात आला नाही. परंतु डावापेक्षाही जे मनाला लागले ते हे, की वस्ताद कट्ट्यावर तंबाखू मळीत बसलेले असत आणि माझ्याकडे त्यांनी एकदाही मान वळवून पाहिले असे मला आठवत नव्हते. उपेक्षा सहन करण्याचे वय ते नव्हे. एका पहाटे मी अंथरुणातच पडून राहिलो, दुसऱ्या पहाटेही राहिलो, आणि वडिलांनी काही न बोलता तालमीची वर्गणी देणे बंद केले.

चार वर्षांनी, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात असताना, लालबागेस राहणारा माझा आतेभाऊ सुटीत घरी आला तो ब्रूस ली हे नाव घेऊनच. ‘एंटर द ड्रॅगन’ त्याने मुंबईत तीन वेळा पाहिला होता, आणि आमच्याकडे तो लागला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने मला ओढून नेले. ज्या पुरुषाला मी त्या दुपारी पाहिले, तो 20 जुलै 1973 रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, आपला हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित होण्याच्या सुमारे एक महिना अगोदरच हाँगकाँगमध्ये मरण पावला होता, हे मला ठाऊक होते. आणि तरीही पडद्यावर जे हलत होते, त्याच्याइतके जिवंत असे काही मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. आमच्याकडचे मल्ल म्हणजे डोंगर. हा मनुष्य म्हणजे वीज. त्याच्या अंगावर मांसाचा एक अधिक तोळा नव्हता, त्याचा प्रहार दिसण्याआधीच लागलेला असे, आणि प्रहारानंतर त्याच्या मुद्रेवर उमटणारी ती विलक्षण वेदना, जणू काही आघात त्याने दिला नसून सोसला आहे, ती पाहून मी अक्षरशः थरारलो. शेवटच्या आरसेमहालात शत्रूची दहा प्रतिबिंबे आणि एक सत्य यांत तो चाचपडत असताना संपूर्ण चित्रपटगृह निःशब्द झाले होते. आणि त्या आरशांना त्याने फोडावयास प्रारंभ केला तेव्हा मागच्या बाकांवरून उठलेला गजर खासबागेतल्या गजराहून उणा नव्हता.

बाहेर पडताना माझ्या मनात एक विचार पक्का झाला होता, आणि आज त्याचे मला दुःख वाटते. मला वाटले, तालीम सोडली हे योग्यच केले. मातीवाचून, खोऱ्यावाचून, उपेक्षा करणाऱ्या वस्तादावाचूनही मनुष्य असा होऊ शकतो. पाहा, हा कसा एकाकी आहे, स्वयंभू आहे! पुढचे काही महिने मी घराच्या गच्चीवर एकट्याने लाथा उंचावण्यात घालविले. काठीचे दोन तुकडे सायकलच्या साखळीने जोडून त्याच्यासारखे फिरविण्याचा यत्न केला, त्यात कोपरावर बसलेल्या तडाख्याने हात तीन आठवडे गळ्यात बांधावा लागला, आणि तो उतरला तेव्हा उत्साहही उतरला होता.

स्वयंभू तर तो मुळीच नव्हता. त्याचे वडील कँटनी संगीतनाटकांतले नट होते. तो स्वतः हाँगकाँगमध्ये यिप मान या गुरूंपाशी विंग चुन ही विद्या शिकला होता. पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात त्याने तत्त्वज्ञानाचे अध्ययन केले होते. एवढेच नव्हे, त्याच चित्रपटाच्या प्रारंभी एक लहानसा प्रसंग आहे, ज्यात तो एका कोवळ्या शिष्याला लाथ मारावयास सांगतो, ती नुसते प्रदर्शन झाली म्हणून त्याला सुधारतो, मन दुसरीकडे गेले की डोक्यावर टपली मारतो, आणि नमस्कारासाठी वाकतानाही समोरच्यावरची दृष्टी काढू नये हे शिकवितो. हा प्रसंग पहिल्या वेळी मी पाहिला होता, यात शंका नाही, कारण मी चित्रपटगृहात होतो. परंतु तो माझ्या स्मरणात एका अक्षरानेही राहिला नाही. आघात पाहावयास गेलेल्या डोळ्यांना पाठ दिसला नाही.

पुढे नोकरीनिमित्त मुंबईस मुकाम पडला. एका रविवारी, केवळ पावसापासून आडोसा म्हणून, मी ज्या चित्रपटगृहात शिरलो तेथे ‘द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ चालू होता. शॉ ब्रदर्स या संस्थेचा हा 1978 चा चित्रपट. दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग, आणि मुंडण केलेल्या मस्तकाचा तो तेजस्वी नट गॉर्डन लिऊ. संवाद इंग्रजीत घातलेले होते आणि ओठांशी त्यांचा मेळ नव्हता, पण पहिल्या अर्ध्या तासानंतर मला त्याची जाणीव राहिली नाही. मांचू राजवटीच्या जुलमातून निसटलेला एक विद्यार्थी घायाळ अवस्थेत शाओलिनच्या विहारात येतो, सान ते हे नाव धारण करतो, आणि युद्धविद्या मागतो. विहारात पस्तीस दालने आहेत. कोठून आरंभ करणार, असे विचारताच हा तरुण सर्वांत वरचे दालन मागतो. तेथे वृद्ध भिक्षू सूत्रपठण करीत बसलेले असतात. त्याला त्यातले काही उमगत नाही, आणि तो तेथून अक्षरशः फेकला जातो. मग सर्वांत खालच्या दालनापासून आरंभ होतो, आणि तेथे शिकवितात काय? भोजनशाळेत जाताना आडव्या येणाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे जाणे. बाकीचे सारे सहज जातात. हा पाण्यात पडतो. पुन्हा पडतो. रात्री सारे निजल्यावर एकटा येऊन पडतो.

त्यानंतरचा चित्रपटाचा फार मोठा भाग शिकण्यातच जातो. लढाई नाही, सूड नाही, नायिका नाही. केवळ एक शरीर सुशिक्षित होत आहे. दोन्ही बाहू आडवे पसरून पाण्याच्या बादल्या वाहावयाच्या, आणि दंडांना सुरे अशा रीतीने बांधलेले की हात खाली आला तर टोक आपल्याच बरगडीत. लांब बांबूच्या टोकाला जडलेला वजनदार हातोडा केवळ मनगटाच्या बळावर उचलून घंटेवर ठराविक लयीत टोला द्यावयाचा. मान जराही न हलविता, दोन्ही बाजूंना उदबत्त्या जळत असताना, झुलत्या ज्योतीमागे फक्त नजर फिरवावयाची. यातले काहीही युद्ध नव्हे, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचा युद्धाशी संबंध पुढे उलगडतो. त्या अंधारात बसून मी माझ्या तळव्यांकडे पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते. खोऱ्याच्या दांड्याने पडलेले घट्टे केव्हाच गेले होते. परंतु ढेकूळ फोडताना मनगटात उठणारी ती कळ, ओली माती उलटताना कमरेवर येणारा तो भार, सात महिने पहाटे भिंतीला टेकून इतरांचे पाय कोठे पडतात हे पाहण्याची ती सक्ती, हे सारे एकाएकी दुसऱ्याच अर्थाने माझ्यापुढे उभे राहिले. मी पहिल्याच दालनातून पळून आलो होतो, आणि ते दालन होते हेच मला कळले नव्हते.

या चित्रपटाला शिकण्याविषयी एवढे आस्थेने का बोलता आले, याचे कारण मला पुढे वाचनात सापडले. दक्षिण चीनमधील हुंग घराण्याचे विख्यात आचार्य वाँग फेई-हुंग, त्यांचे शिष्य लाम साय-विंग, त्यांचे शिष्य लाऊ चाम, आणि लाऊ चाम यांचे पुत्र म्हणजेच हे दिग्दर्शक लाऊ कार-ल्युंग. आपल्याकडे गायकाने घराण्याचे नाव उच्चारताना कानाच्या पाळीला हात लावावा, त्या भावाने या मनुष्याने कॅमेरा हाती घेतला होता. कुंगफू या शब्दाचा मूळ अर्थही युद्ध असा नाही. दीर्घकाळच्या श्रमाने अंगी मुरलेले कोणतेही नैपुण्य, मग ते स्वयंपाकातले असो वा सुलेखनातले, म्हणजे कुंगफू. आणि तालीम हा आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला शब्द. त्याचा अर्थ शिक्षण! कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेच्या तोंडी तो शब्द रात्रंदिवस असतो. मी त्याला एका इमारतीचे नाव समजत होतो.

त्यानंतर मी हे चित्रपट शोधून शोधून पाहिले. त्यांत किंग हू या दिग्दर्शकाचा ‘अ टच ऑफ झेन’ सर्वांहून निराळा. 1975 साली कानच्या महोत्सवात तांत्रिक गुणवत्तेसाठी गौरविलेला हा चित्रपट पहिला वार पडावयास जवळजवळ तासभर लावतो. कोळ्याची जाळी, पडके वाडे, वाऱ्याने डोलणारे गवत यांतच आपल्याला बसवून ठेवतो, आणि मग वेळूच्या बनात जे युद्ध होते ते पेकिंगच्या संगीतनाटकाच्या तालावर झाल्यासारखे होते. ते उगीच नव्हे. त्याचे द्वंद्वरचनाकार हान यिंग-चिए त्याच रंगभूमीवर घडलेले होते. सौंदर्याच्या दृष्टीने तो चित्रपट श्रेष्ठ आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. परंतु माझे हृदय छत्तिसाव्या दालनापाशीच राहिले. तेथे सान ते सर्व दालने पार करूनही एका वरिष्ठ भिक्षूच्या दोन आखूड तलवारींपुढे पुन:पुन्हा हरतो, त्या पराभवातून तीन खंडांचा दंड शोधून काढतो, आणि शेवटी काय मागतो? आणखी एक दालन, ज्यात विहाराबाहेरच्या सामान्य जनांना शिकविता येईल.

हा चित्रपट कोल्हापुरास लागला तेव्हा मी रजा काढून गेलो आणि वस्तादांच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आलो. गुडघे गेल्यामुळे त्यांचे तालमीत जाणे कमी झाले होते. मला त्यांनी ओळखले, आणि आलास का, एवढेच म्हणाले. इंग्रजी त्यांना येत नव्हते व मी काही समजावून सांगावे अशीही त्यांची अपेक्षा दिसली नाही. पटका मांडीवर ठेवून, काठीवर दोन्ही हात टेकून, ते पुढे वाकून पाहत राहिले. पाण्याच्या बादल्यांच्या प्रसंगी त्यांचे स्वतःचे खांदे किंचित वर आले होते. लढाया सुरू झाल्यावर मात्र ते मागे टेकले.

परतताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही थोडे बसलो. जे बोलावयाचे म्हणून मी मुंबईहून आलो होतो, ते कसे काढावे हे मला सुचेना. अखेर मी म्हणालो, “वस्ताद, मी तेव्हा यायचं सोडलं, त्याची मला क्षमा मागायची होती.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्या पोराला शिकवनारी म्हातारी मानसं हुती, ती तू बगितलीस का?”

मी म्हणालो, “ते तर त्याच्याकडे बघतही नव्हते.”

“बगत हुती,” वस्ताद म्हणाले. त्यांनी काठी उचलली, हलकेच माझ्या डाव्या खांद्याला लावली, आणि म्हणाले, “खोरं मारताना ह्यो तुजा पडायचा. रोज. त्यो सरळ झाला असता का, मग डाव दिला असता.”

मग ते उठले, आणि गुडघे सांभाळीत माझ्यापुढे चालू लागले.