धैवत कुठे ठेवायचा?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, चंद्रशेखर वेंकट रामन यांचे स्मरण प्रकाशाच्या संदर्भात केले जाते, आणि ते योग्यच आहे. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन परिणामाचा शोध लागला. परंतु त्याआधी अनेक वर्षे, बऊबाजार स्ट्रीटवरील त्याच संस्थेत, हाच माणूस व्हायोलिन, वीणा, तंबोरा आणि तबला यांच्या नादाचा अभ्यास करीत होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करून मी याच शहरात संशोधन करते. कामाचा विषय ध्वनी नाही. पण काही महिन्यांपूर्वी, केवळ स्वतःच्या समाधानासाठी, पूर्णांकांच्या गुणोत्तरांवर आधारलेले एक स्वरसप्तक स्वतः रचून पाहावे असे मनात आले. त्या खटाटोपातून जे उमगले ते येथे मांडते.

आरंभ सोपा वाटतो. षड्ज २४० हर्ट्झ धरू. तार षड्ज त्याच्या दुप्पट, ४८०. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणजे ३६०. मध्यम चार-तृतीयांश पट, ३२०. शुद्ध गंधार पाच-चतुर्थांश पट, ३००. ऋषभ नऊ-अष्टमांश पट, २७०. निषाद गंधाराचा पंचम, ४५०. ही गुणोत्तरे कोणाच्या लहरीने ठरलेली नाहीत. तार छेडली की मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेची कंपनेही उमटतात; त्यांना संनादी म्हणतात. दोन स्वरांचे संनादी नेमके जुळले, तर नाद स्थिर आणि निर्मळ वाटतो. किंचित चुकले, तर आवाज ठरावीक गतीने लहान-मोठा होत राहतो. २४० चा पाचवा संनादी १२००. ३०० चा चौथाही १२००. ते एकमेकांत विरघळून जातात. पेटीचा समभागी गंधार मात्र सुमारे ३०२.४ वर असतो. त्याचा चौथा संनादी १२०९.५ च्या आसपास येतो, आणि सेकंदाला साडेनऊ हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला पेटीचा गंधार का खुपतो, याचे उत्तर एका वजाबाकीत आहे.

आता राहिला धैवत. येथे खरी पंचाईत सुरू होते.

धैवत ४०० वर ठेवला, तर तो मध्यमाशी पाच-चतुर्थांशाचे आणि गंधाराशी चार-तृतीयांशाचे शुद्ध नाते जोडतो. पण ऋषभाशी त्याचे जमत नाही: २७० ची दीडपट ४०५ होते, ४०० नव्हे. ऋषभ-धैवत एकत्र वाजवले की सेकंदाला दहा हेलकावे. बरे, धैवत ४०५ वर नेला, तर ऋषभाशी संवाद साधतो, पण गंधाराशी बिघडतो. तेथे सेकंदाला पंधरा हेलकावे. मग ऋषभच थोडा उतरवून २६६.७ वर आणावा, तर ऋषभ-धैवत सुधारतात, पण ऋषभ-पंचमाचे नाते तुटते. गाठ एका जागेवरून सोडवली की दुसऱ्या जागी बसते.

हा रचनाकाराच्या कौशल्याचा प्रश्न नाही. हे अंकगणित आहे. षड्जापासून पंचमाच्या उड्या घेत सा, प, रे, ध, ग असे गेलो, तर गंधार ८१/६४ पट येतो. संनादी मागतात तो गंधार ८०/६४ पट असतो. तीनचा कोणताही घात हा दोनच्या घाताची पाचपट कधीच होणार नाही, कारण पूर्णांकाचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. त्यामुळे ८१/८० एवढी फट कोठेतरी उरणारच. तसेच बारा पंचम एकावर एक रचले तर १२९.७५ पट होतात, सात सप्तके १२८ पट. वर्तुळ मिटत नाही. सर्व स्वर सर्वांशी शुद्ध असलेले सप्तक अस्तित्वातच नाही. कोणते नाते जपायचे आणि कोणते सोडायचे, एवढेच आपल्या हाती असते.

या फटीशी महाराष्ट्राची जुनी ओळख आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेची लांबी मोजून स्वर ताडून पाहिले आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष गळ्यासाठी त्यांना उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे सहकार्य मिळाले. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी हे काम पुढे नेले, आणि लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. विष्णु नारायण भातखंडे आणि इतर जाणकारांनी ती स्वीकारली नाही. देवलांचे परिश्रम मला आजही आदरणीय वाटतात. कचेरीतून निवृत्त झालेला एक मनुष्य तार आणि मोजपट्टी घेऊन गायकासमोर बसतो, हे चित्रच विलक्षण आहे. परंतु बावीस आकडे निश्चित करून ते पेटीत बसवले, तरी कोणत्या क्षणी कोणता आकडा हवा हे पेटी सांगू शकत नाही.

भूप आणि देशकार यांचे उदाहरण घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. काही जाणकार देशकाराचा धैवत भूपाच्या धैवतापेक्षा किंचित चढा मानतात. माझ्या संगणकावर ज्या प्रश्नाचे दोन उत्तरांत तुकडे होत होते, तो प्रश्न राग स्वतःपुरता सोडवून टाकतो. कोणता स्वर धरून बसायचे आणि कोणत्या स्वराला त्याच्या भोवती फिरू द्यायचे, हे रागाने आधीच ठरवलेले असते.

रामन यांची वाट वेगळी होती. स्वर किती आणि कोठे, याऐवजी वाद्य स्वतः काय करते, असे त्यांनी विचारले. साध्या गोल पडद्याची कंपने १, १.५९, २.१४, २.३० अशा बेहिशेबी गुणोत्तरांत असतात. म्हणून सामान्य ढोलाला निश्चित स्वर नसतो. १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले की भारतीय चर्मवाद्ये याला अपवाद आहेत. मध्यभागी लावलेली शाई पडद्याचे वजन अशा रीतीने वाटते की त्याची कंपने १, २, ३, ४, ५ या पूर्णांकांवर येऊन बसतात. बंगळुरूला गेल्यावर, १९३४ साली, त्यांनी सविस्तर मांडले की अशा पडद्याची नऊ कंपनरूपे मिळून हे पाच संनादी सिद्ध होतात. तंबोरा आणि वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेच्या नियमानुसार जे संनादी उमटायलाच नकोत तेही उमटतात, हे त्यांनी १९२१ मध्ये नोंदवले. आपण त्या गुणाला जवारी म्हणतो. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पाचवा संनादी. म्हणजे शुद्ध गंधाराची रचना कागदावर होण्यापूर्वी शाई घोटणाऱ्या आणि जवारी काढणाऱ्या हातांनी ती लाकडात व चामड्यात करून ठेवली होती.

याच कोलकात्याने देशाला हातपेटीही दिली. द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ने एकोणिसाव्या शतकात ती घरोघरी नेली. याच शहरातल्या रवींद्रनाथांना ती संगतीला नको होती, आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवले. ज्या पेटीवर गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी रसिकांना जिंकले, तीच पेटी. भौतिकशास्त्र या वादात साक्ष देऊ शकते, निवाडा नाही. पेटीचा गंधार किती हेलकावे देतो हे ते सांगेल. तेवढी किंमत मोजून बारा पट्ट्यांत कोठूनही गाता येण्याची सोय घ्यावी की नाही, हे गाणाऱ्याने ठरवायचे.

हे लिहिण्याचे एक कारण आहे. आपल्या पूर्वजांना बावीस वारंवारता दशांशचिन्हापर्यंत ठाऊक होत्या, अशा मजकुराचे संदेश सर्वत्र फिरत असतात. नाट्यशास्त्रात वारंवारता नाहीत आणि गुणोत्तरेही नाहीत. तेथे जे आहे ते मला अधिक मोलाचे वाटते. भरत दोन सारख्या वीणा घ्यायला सांगतो. एक तशीच ठेवायची, दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवायचा, मग बाकीचे स्वर त्याला जुळवून घ्यायचे, आणि टप्प्याटप्प्याने दोन्ही वीणांतला फरक कानाने ताडायचा. एक वीणा प्रमाण, दुसरी बदलती: हा नियंत्रित प्रयोग आहे. त्या प्रयोगाच्या जागी आपण आधुनिक आकड्यांची यादी चिकटवतो, तेव्हा भरताचा गौरव होत नाही. त्याची पद्धत पुसली जाते.

१९६३ साली नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी ध्वनिमुद्रणे मोजली, तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच मैफलीत हलताना दिसला. काहींना त्यात शुद्ध स्वरांच्या कल्पनेचा पराभव दिसतो. मला त्यात ८१/८० ची ती न मिटणारी फट दिसते, आणि तिच्यात वावरणारा जाणता गळा.

विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे. कोणत्याही मोफत ध्वनी-प्रणालीत २४० आणि ३०० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजवा. मग ३०० च्या जागी ३०२.४ घ्या. साधा साइन तरंग घेऊ नका, त्यात संनादी नसतात. करवती दात्यांसारखा तरंग घ्या. हेलकावे मोजा. त्यानंतर २७० सोबत आधी ४०० आणि मग ४०५ वाजवा, आणि ३०० सोबतही तेच दोन. शेवटी तंबोऱ्याच्या साथीने भूप गुणगुणून आपला धैवत कोठे लागतो ते ऐका. मोजमाप त्यानंतर करा, आधी नको.