शिकागोजवळचे वाळूचे डोंगर

शिकागोत राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेलात की टूर ठरलेली असते. उंच टॉवर, चकचकीत 'बीन', डीप डिश पिझ्झा आणि मॉल. माझीही झाली. चौथ्या दिवशी मात्र दादा म्हणाला, ''चल, तुला डोंगर चढवतो. वाळूचे.''

वाळूचे? इथे? म्हटलं, नोकरी गेल्यापासून याचं डोकं फिरलंय की काय!

हो, दादाची नोकरी गेली होती. एच-वन व्हिसावर असताना नोकरी सुटली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यातले ४१ संपले होते. पुण्यात आईला त्याने अजून सांगितलंच नव्हतं.

शनिवारी सकाळी मिलेनियम स्टेशनवरून साउथ शोअर लाइनची ट्रेन पकडली आणि 'ड्यून पार्क'ला उतरलो. हे इंडियाना राज्य. लेक मिशिगनच्या दक्षिण टोकाला वाऱ्याने रचलेल्या टेकड्यांची रांगच आहे. म्हणायला लेक, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटाही फुटतात. फक्त पाणी गोडं. कुणीतरी गुहागरच्या समुद्रातलं मीठ काढून घेतल्यासारखं!

इथलं हिट प्रकरण म्हणजे 'थ्री ड्यून चॅलेंज'. जॅक्सन, होल्डन आणि टॉम अशा तीन टेकड्या लागोपाठ. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर, चढ एकूण ५५२ फूट. ''हॅ, आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो,'' असं म्हणाले आणि पहिल्याच चढावर गार झाले. दोन पावलं पुढे टाकावीत तर एक मागे घसरतं. दादा मात्र हाश्शहुश्श करत, न थांबता चढत होता.

१९२ फुटांच्या माउंट टॉमवर दोघांनी बसकण मारली. खाली निळंशार पाणी. याच किनाऱ्यावर पोलादाचे कारखानेही आहेत. ''जवळच मिशिगन सिटीत याहून मोठी टेकडी होती,'' दादा म्हणाला. हुसियर स्लाइड, सुमारे दोनशे फूट उंच. तिची वाळू रेल्वेने काचेच्या कारखान्यांत गेली, फळं टिकवायच्या बरण्या झाल्या. १९२०च्या सुमारास टेकडी संपली. पुढे तिथे वीजकेंद्र उभं राहिलं. उरलेलं लोकांनी भांडून वाचवलं. १९२५ मध्ये इथे स्टेट पार्क झालं, १९६६ मध्ये बराचसा किनारा संरक्षित झाला आणि २०१९ मध्ये त्याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला.

या टेकड्या धरून ठेवतं ते साधं मॅरम गवत. वाळूने गाडलं की तेवढंच वर वाढतं, खाली मुळांचं जाळं विणत जातं. त्याला सोसत नाही ते फक्त आपलं तुडवणं. म्हणून जागोजागी पाट्या आहेत, पायवाट सोडू नका. दादा त्या गवताकडे बराच वेळ बघत बसला. मग खिशातून फोन काढला. पुण्यात रात्रीचे दहा वाजले असतील.

''आई, जागी आहेस ना? एक सांगायचं होतं.''

मी बूट काढून वाळू झटकायला लागले. पलीकडून आधी काहीच आवाज आला नाही. मग आईने विचारलं, ''जेवलास का?''

जाणार असाल तर...

घोट्यापर्यंतचे बूट घाला, पाणी भरपूर घ्या. स्टेशनवरून स्टेट पार्क पायी गाठता येतं. आकाश स्वच्छ असेल तर किनाऱ्यावरून शिकागोचे टॉवर दिसतात, तेव्हा सूर्यास्त चुकवू नका. माउंट बाल्डी ही सरकती टेकडी मात्र रेंजरसोबतच चढायची. गाडली गेलेली झाडं कुजून वाळूत पोकळ्या होतात. २०१३ मध्ये अशाच एका पोकळीत सहा वर्षांचा मुलगा गडप झाला होता. तीन तासांहून जास्त खणून त्याला जिवंत बाहेर काढलं.