निळा रंग रेणूतून येतो!

अहो, आधी फोन हातात घ्या! पडदा ओएलईडी असेल तर त्यातला निळा बघा. तो उजेड कार्बनयुक्त रेणू देतात! मागे दिवा नाही, काही नाही. वीज दिली की रेणूच उजळतो! मला रसायनशास्त्रातलं काही कळत नाही, पण हे वाचल्यापासून दिसेल त्याला सांगत सुटलेय. आता तुमची पाळी!

1987 मध्ये कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 10 व्होल्टपेक्षा कमी दाबावर असा दिवा पेटवला. हिरवा! निळ्यानं मात्र सगळ्यांना दमवलं. कारण 460 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशकणात सुमारे 2.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा! एवढी ऊर्जा अंगात घेतली की रेणूचे बंधच तुटू लागतात. शिवाय वीज दिल्यावर उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी साधारण 25 टक्केच लगेच उजेड देतात, बाकीचे 75 टक्के ट्रिप्लेट नावाच्या अवस्थेत अडकतात, आणि मग त्यांना सोडवायला इरिडियमसारखा महाग धातू आणला, लाल-हिरव्याचं भागलं पण निळा टिकेना, आणि मग 2012 मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटानं दाखवलं की धातू नकोच, ट्रिप्लेट आणि उजेड देणारी, या दोन अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर कमी करा, अडकलेले रेणू खोलीतल्या उष्णतेवरच वर चढतील! खोलीतल्या उष्णतेवर!

पण अंतर कमी करायचं कसं? इथे मी खुर्चीतून उठलेच! 2016 मध्ये ताकुजी हाताकेयामा यांच्या गटानं एकमेकांना जोडलेल्या कड्यांत बोरॉन आणि नायट्रोजन समोरासमोर बसवले. नायट्रोजन इलेक्ट्रॉन देतो, बोरॉन ओढतो, आणि मग इलेक्ट्रॉनची आधीची जागा आणि उत्तेजित झाल्यावरची जागा एकाआड एक अणूंवर येतात, रांगोळीच्या एकाआड एक ठिपक्यांत दोन रंग भरावेत तशा! दोन्ही जागा एकमेकींवर फारशा येत नाहीत, म्हणून अंतर कमी! आणि सांगाडा इतका ताठ की रंग पसरतच नाही! 2019 मध्ये त्यांनी याच घराण्यातला आणखी एक रेणू केला. त्याचा दिवा 469 नॅनोमीटरला उजळतो, आणि त्या निळ्याची रुंदी फक्त 18 नॅनोमीटर! किती शुद्ध निळा!

आणि गंमत म्हणजे काम संपलेलं नाही! निळा अजूनही लाल-हिरव्याइतका टिकत नाही. म्हणजे जास्त टिकणारा रेणू कुणीतरी अजून रचायचाय! काढा कागद, काढा षटकोन, आणि सांगा बघू, तुमचा बोरॉन कुठे बसवताय?